सँत-व्हिक्त्वारचा मठ: वाटेला साडेतीन, माथ्याला पाच

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँसला येणं होणार असेल, गुडघे धड असतील आणि एक अख्खा दिवस हाताशी असेल, तर सँत-व्हिक्त्वार डोंगरावरच्या मठापर्यंत चढून जाच. वोव्हनार्ग गावाच्या बाजूने जाणाऱ्या वाटेला मी पाचपैकी साडेतीन देते आणि वरच्या जागेला पाच. या दोन आकड्यांची सरासरी काढू नका. खालच्या अर्ध्या वाटेला कंटाळून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या वाट्याला तो पाचाचा भाग आलाच नाही.

लिहायचं कारण असं. आम्ही एक्समध्ये राहतो. नवरा कादाराशला ईटरच्या प्रकल्पावर आहे. अणुकेंद्रं फोडून नव्हे, जोडून ऊर्जा मिळवायची खटपट जिथे चालली आहे, तोच हा प्रकल्प. भारत त्यात भागीदार आहे. त्या अजस्र यंत्राचं बाहेरचं पोलादी आवरण गुजरातेत हजिऱ्याला बनून तुकड्यातुकड्यांनी इथे आलं. त्यामुळे या भागात आपली माणसं भेटतात, आणि एप्रिल-मे लागला की कुणाची आई, कुणाचे सासरे, कुणाची नणंद अशी पाहुणे मंडळी यायला लागतात. मार्सेय झालं, मंगळवार-गुरुवारचा बाजार झाला की मला फोन येतो, "तुम्ही त्या डोंगरावर जाता ना? आमच्या आईंना झेपेल का हो?" दर वेळी फोनवर तेच दळण दळण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आमच्याकडेही पाहुणी होतीच. माझी मोठी नणंद, पुण्याहून. साठी उलटलेली, बँकेतून निवृत्त, रोज सकाळी पर्वती चढून उतरणारी. त्यामुळे जगातला कुठलाही डोंगर ताई पर्वतीच्या हिशेबात मोजतात. "किती पर्वत्या होतील गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "सात तरी धरा ताई." त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "वर चहा मिळतो ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर साधारण बरोबर होतं. दुसऱ्याचं उत्तर मी गाडीत बसेपर्यंत दिलं नाही.

डोंगराची थोडी ओळख करून देते. सँत-व्हिक्त्वार म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेली चुनखडीची लांबलचक धार, अठराएक किलोमीटरची. सर्वांत उंच टोक पिक दे मूश, १०११ मीटर, ते पूर्वेला. आपल्याला जायचं ते पश्चिमेच्या टोकाकडे, जिथे ९४६ मीटरवर मोठा लोखंडी क्रूस आहे आणि त्याच्या जरा खाली खिंडीच्या पोटाशी सतराव्या शतकातला मठ आणि त्याचं चॅपेल. एक्समधून हे पश्चिमेचं टोक करड्या-पांढऱ्या त्रिकोणासारखं दिसतं. पॉल सेझान एक्सचाच. या त्रिकोणाची त्याने तैलरंगात आणि जलरंगात मिळून ऐंशीच्या वर चित्रं केली. गावात पोस्टकार्डांपासून बिस्किटांच्या डब्यापर्यंत सगळीकडे तोच त्रिकोण.

गंमत अशी की वोव्हनार्गकडून चढताना हा प्रसिद्ध डोंगर ओळखूच येत नाही. धारेची दक्षिण बाजू सरळ तुटलेली, नागडा कडा. उत्तरेची बाजू म्हणजे दाट झाडीचा हिरवा उतार. आपण उत्तरेकडून चढतो. ताईंनी आदल्या दिवशी घेतलेलं पोस्टकार्ड पिशवीतून काढलं, समोर धरलं आणि ड्रायव्हर शेजारच्या सीटवरून जाहीर केलं, "अगं, हा तो डोंगर नाहीच." डोंगर तोच, पण तक्रार रास्त. चित्रातला डोंगर बघायचा असेल तर एक्समधल्या ले लोव्हच्या टेकडीवर जा, जिथे सेझान शेवटच्या वर्षांत ईझल लावायचा. चढायचा असेल तर इकडे या. दोन्ही एकाच जागेवरून होत नाही.

चढ जिथून सुरू होतो त्याच्या जरा पुढे वोव्हनार्ग गाव आहे. दरीत एका उंचवट्यावर किल्लेवजा जुना वाडा दिसतो. तो १९५८ साली पिकासोने विकत घेतला. सांगतात की त्याने आपल्या चित्रविक्रेत्याला फोन करून सांगितलं, सेझानचा सँत-व्हिक्त्वार घेतला; त्याला वाटलं चित्रच घेतलं, म्हणून त्याने विचारलं कुठलं, तर पिकासो म्हणाला, मूळचा. १९७३ मध्ये पिकासोला याच वाड्याच्या आवारात पुरलं. वाडा खासगी आहे, रस्त्यावरून बघायचा आणि मागे फिरायचं.

गावाच्या अलीकडे, एक्सच्या बाजूला, ले काबासोल नावाची छोटी वस्ती आहे. तिथे गाडी लावायची. जागा मोजकी आहे, रविवारी नऊच्या आत पोचला नाहीत तर रस्त्याच्या कडेला चिकटवून लावावी लागते आणि मग दिवसभर तिच्याकडेच मन. सीटवर काही म्हणजे काही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा. या डोंगराच्या पायथ्याच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचा फुटतात, सगळ्यांना माहीत आहे. एक्सहून बसही येते, पण फेऱ्या थोड्या आहेत. परतीची वेळ आधी बघून ठेवली नाही तर सगळा दिवस घड्याळाच्या धाकात जाईल, आणि हा डोंगर घाईने चढायचा नाही.

आता वाट. हिला व्हाँत्युरिएंची वाट म्हणतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत, झाडांवर आणि दगडांवर, चुकायला जागाच नाही. ले काबासोलपासून क्रूसापर्यंत साडेपाचशे मीटरच्या वर चढ आहे आणि तो चारेक किलोमीटरच्या आत उरकलेला आहे. सिंहगड आतकरवाडीतून चढलेल्यांना उंचीचा अंदाज येईल. चांगलं चालणारा माणूस पावणेदोन तासांत मठात पोचतो. ताईंना अडीच तास लागले, त्यात गुलाबी फुलांचे फोटो धरले आहेत.

पहिला अर्धा भाग मला आवडत नाही आणि तो आवडून घ्यायचा प्रयत्नही मी सोडून दिला आहे. ही पाऊलवाट नाही, गाडीरस्ता आहे. रुंद, खडीचा, तीव्र चढाच्या जागी तर चक्क सिमेंट ओतलेलं. बाजूला ओकची झाडी इतकी दाट की दरी दिसत नाही, माथा दिसत नाही, फक्त समोरच्या माणसाच्या टाचा. सिमेंटवरचा चढ पोटऱ्यांना फार लागतो, कारण पायाला जिन्यासारखी पायरीही मिळत नाही आणि मातीसारखी पकडही नाही. एवढं करून वर "ही सगळ्यांत सोपी वाट" असं माहिती पुस्तिकांमध्ये लिहिलेलं असतं. सोपी म्हणजे कडा नाही, दोर लागत नाही, एवढंच. दम निघायचा तो निघतोच. परत फिरणारे लोक इथेच परत फिरतात. त्यांना वाटतं पुढेही असंच असेल.

पुढे असं नसतं. झाडी एकाएकी ठेंगणी होते, रस्ता संपतो आणि खरी वाट सुरू होते. पांढऱ्या चुनखडीतून वळणं घेत वर जाणारी, दोन्ही बाजूंना थाइम आणि रोझमेरी. मे महिन्यात थाइम फुललेला असतो, बूट घासला की वास उठतो. मागे वळून पाहिलं की वोव्हनार्गची दरी, त्यापलीकडे टेकड्यांच्या रांगा आणि हवा स्वच्छ असली तर माँ व्हाँतूचा पांढरा माथा. तो माथा बर्फाने नाही, उघड्या खडीने पांढरा दिसतो, हे ताईंना पटवायला मला एक वळण खर्ची घालावं लागलं. नवरा बरोबर असला की तो इथे थांबून ईशान्येला बोट दाखवतो आणि "ते बघ कादाराश" म्हणतो. मला अजून दिसलेलं नाही. मी मान डोलावते.

या भागातली एक गोष्ट मात्र जपून. शेकडो वर्षं माणसं चढून-उतरून इथले दगड घासून गुळगुळीत झाले आहेत. नुसते घासलेले नाहीत, चकाकतात. आपल्याकडे घसारा म्हणजे पायाखालून निसटणारी माती नि खडी. इथे दगड जागचा हलत नाही, पायच त्याच्यावरून सरकतो. चढताना जाणवत नाही. उतरताना मात्र प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं, आणि पाऊस पडून गेला असेल तर मी सरळ सांगेन, जाऊ नका. ताईंच्या पायात पांढरेशुभ्र, जाड तळाचे, चालायला म्हणून खास घेतलेले महाग बूट होते. सपाट रस्त्यावर फार छान. उतरताना दोन ठिकाणी ताईंनी बसून, हात टेकून, सरकत उतरणं पसंत केलं आणि मागून येणाऱ्या फ्रेंच पोरांना हाताने "तुम्ही जा पुढे" अशी खूण केली. पोरं "बोंजूर मादाम" म्हणून अदबीने बाजूने गेली. इथे डोंगरावर समोरून येणारा प्रत्येक जण बोंजूर म्हणतो. न म्हटलं तर वाईट दिसतं, म्हणून धाप लागलेली असतानाही म्हणायचं.

शेवटच्या वळणानंतर भिंत दिसते, मग कमान, आणि आत शिरलं की मठाचं अंगण. मी या जागेला पाच देते ते इथून पुढचं.

तुम्ही चढताय ती बाजू सावलीची. अंगणाच्या टोकाला खडकात एक खिंड आहे, मठवासींची खिंड म्हणून ओळखली जाते. तिच्या कठड्याशी जाऊन उभं राहिलं की दक्षिण एकदम उघडते. पायाखाली कडा सरळ खाली, मग लाल माती, द्राक्षांचे मळे, दूर सँत-बोमची डोंगररांग. दोन तास समोर नुसता चढच होता, आणि एका पावलात हे सगळं. वारा खिंडीतून असा येतो की टोपी हातात धरावी लागते. ताई कठड्याशी बराच वेळ उभ्या होत्या आणि मग त्यांनी पिशवीतून ते पोस्टकार्ड परत काढलं. कड्याचा करडा रंग जुळतोय का ते बघत होत्या. जुळतो म्हणाल्या.

चॅपेल लहान आहे. नोत्र-दाम द व्हिक्त्वार, म्हणजे विजयाची माता. ज्यांनी युरोपातली मोठमोठी कॅथेड्रलं पाहिली आहेत त्यांना इथे बघण्यासारखं काही नाही, असंच वाटेल. दगडी भिंती, वर गोलसर दगडी छत, साधी लाकडी बाकं. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेलं की क्षणभर काही दिसत नाही, फक्त गारवा लागतो आणि मेणाचा वास येतो. ताईंनी सवयीने बूट काढायला घेतले. मी म्हटलं, "ताई, इथे नाही काढत." त्या म्हणाल्या, "नसतील काढत, मला बरं वाटतं," आणि मोज्यांवर आत जाऊन बाकावर बसल्या. कुणी काही म्हटलं नाही.

मठाच्या शेजारी एक खोली आहे, वाटसरूंसाठी. दार उघडं, पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. लांब टेबल, बाकं, शेकोटीची जागा, झोपायला फळ्या. शेकोटीवरची भिंत धुराने काळीकुट्ट झालेली. टेबलावर कुणीतरी मागे ठेवलेलं मीठ, मेणबत्तीचं थोटूक, अर्धं पाकीट शेवया. रात्री मुक्काम करणारे खालून लाकडं पाठीवर घेऊन येतात. आम्ही गेलो तेव्हा एक तरुण अंगणात मोळी उतरवून मानेला चोळत बसला होता. मुक्काम करायचा असेल तर पथारी, जेवण, पाणी सगळं आपलं आपण आणायचं आणि कचरा परत खाली न्यायचा.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. वर चहा मिळत नाही. सरबत मिळत नाही, पाण्याची बाटली मिळत नाही, फ्रिजवर लावायची चुंबकं मिळत नाहीत. पाण्याचं टाकं आहे, पण ते पिण्याचं पाणी नव्हे. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या, उन्हाळ्याच्या तोंडावर अडीच. मी सिंहगडावर मडक्यातलं दही खाऊन वाढलेली बाई आहे. गडावर कांदाभजी असू नये असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण इथलं अंगण मुळात केवढं! एक टपरी लागली, तिच्यासमोर चार खुर्च्या आल्या, की खिंडीपर्यंत जायला वाट उरणार नाही. इथे काही विकत नाहीत म्हणून ही जागा अजून जागेवर आहे, असं माझं मत.

आणि "काही मिळत नाही" हेही तसं अर्धंच खरं. भिंत मिळते, छप्पर मिळतं, कठडा मिळतो, आणि यातलं काहीही आपोआप टिकलेलं नाही. मठवासी गेल्यानंतर या इमारती पडत चालल्या होत्या. १९५०च्या दशकात एक्सच्या परिसरातल्या गिर्यारोहकांनी आणि हौशी लोकांनी सँत-व्हिक्त्वारचे मित्र म्हणून संस्था काढली आणि दगड-चुना वर नेऊन चॅपेल, मठ, अंगण पुन्हा उभं केलं. अजूनही ते काम स्वयंसेवकच करतात. आम्ही बसलो होतो तेव्हा दोन आजोबा एका कोपऱ्यात चुना कालवत होते. त्यातले एक दर दोन दगडांनंतर मागे सरकून डोळा मिचकावून ओळ बघायचे, मग दुसऱ्याने लावलेला दगड काढून पुन्हा लावायचे. दुसरे आजोबा त्यावर एक अक्षर बोलत नव्हते, पण थापी जरा जोरात आपटत होते. आपल्याकडे गडांवर दुर्गसंवर्धनाला जाणारी जी पोरं आहेत, त्यांनी हे दृश्य बघितलं असतं तर लगेच ओळखलं असतं. तिथे ती पोरं आहेत आणि इथे आजोबा, एवढाच फरक.

जत्राही आहे बरं का. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी रुमावाजी असते. उत्तरेला द्युराँस नदीपलीकडे पेर्त्यी गाव आहे, तिथल्या लोकांची ही जुनी यात्रा. लोक चढून येतात, मठात प्रार्थना होते, प्रोव्हाँसाल भाषेतली गाणी, पावा आणि ढोल. देवळाचा उत्सव, डोंगर चढून जायचं, वर गर्दी, खाली येऊन जेवण, यातलं आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. निवांतपणा हवा असेल तर तो रविवार टाळा. माणसं बघायला आवडत असतील तर तोच धरा.

जेवण अंगणातच करा, वाऱ्याकडे पाठ करून. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि गोडाला एक्सची कालिसाँ, म्हणजे बदाम आणि मुरवलेल्या खरबुजाची मिठाई. शेजारी सत्तरीचं एक जोडपं बसलं होतं. त्यांनी घडीची सुरी काढली, टोमॅटो कापले, चीज उलगडलं, वाइनची बाटली काढली आणि मग रुमालात गुंडाळलेले दोन पेले. काचेचे. ताई थक्क. "अगं, काचेचे पेले पाठीवरून आणले यांनी!" आणि मग, थोड्या वेळाने, विचार करून, "आपणही थर्मास आणायला हवा होता." हा या परीक्षणातला सगळ्यांत उपयुक्त सल्ला समजा.

मठापासून क्रूसापर्यंत अजून पंधरा-वीस मिनिटं. हा तुकडा खडकावरून आहे, दोन-चार जागी हात लावावा लागतो. ताईंनी मठातच थांबायचं ठरवलं आणि ते बरोबर होतं. इथपर्यंत आलं की यात्रा पुरी झाली, क्रूस राहिला तरी रुखरुख नको. मी गेले. आजचा क्रूस १८७५ सालचा. १८७०च्या युद्धात प्रशियाचं सैन्य प्रोव्हाँसपर्यंत आलं नाही, त्याबद्दल बोललेला नवस फेडायला तो उभारला. दगडी चौथऱ्याच्या चार बाजूंना चार भाषांत लेख आहेत: फ्रेंच, प्रोव्हाँसाल, लॅटिन आणि ग्रीक. जवळून क्रूस अवाढव्य आहे आणि खरं सांगायचं तर देखणा नाही, पण तिथून समुद्र दिसतो. पश्चिमेला बेरचं खाजण चकाकतं, पूर्वेला आल्प्सची रेघ. मिस्त्राल वाहत असेल तर यातलं काहीही बघायला डोळे उघडे राहत नाहीत. हा वारा उत्तरेकडून येतो, कोरडा आणि गार, आणि आकाश इतकं निळं करून ठेवतो की खालून वाटतं आजच जावं. अंदाजात मिस्त्राल दिसला तर दिवस बदला. धारेवर माणूस अक्षरशः हेलपाटतो, आणि दक्षिणेला कठडा नाही.

कधी जायचं याचं उत्तर सोपं आहे: एप्रिल, मे, किंवा ऑक्टोबर. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात डोंगर खुला आहे की बंद हे रोजच्या रोज ठरतं. वणव्याचा धोका किती, त्यावर प्रशासन रंग जाहीर करतं आणि उद्याचा रंग आदल्या संध्याकाळी कळतो. लाल असेल तर प्रवेश बंद, वाद घालायची सोय नाही. पाहुण्यांना हे पटत नाही, "आपण काय आग लावायला चाललोय का" असा सूर लागतो. २८ ऑगस्ट १९८९ ला लागलेल्या वणव्यात इथलं सुमारे पाच हजार हेक्टर जळालं. दक्षिणेकडचा उतार आज जो इतका उघडा दिसतो त्यात त्या आगीचा मोठा वाटा आहे. सेझानच्या चित्रात पायथ्याशी जी पाइनची झाडं दिसतात, ती शोधत या बाजूला हिंडलात की ते कळतं. उघड्यावर सिगारेट, चूल, स्टोव्ह काहीही नको, कुठल्याच महिन्यात.

कुणाला झेपेल? रोज तासभर चालणाऱ्या, गुडघेदुखी नसलेल्या कुणालाही, वय काहीही असो. आठ-नऊ वर्षांची मुलं आरामात चढतात, मोठ्यांपेक्षा कमी कुरकुरतात. गुडघे दुखत असतील तर चढ झेपेल, उतार झेपणार नाही, आणि उतरायला याहून सोपा दुसरा मार्ग नाही. त्यांना बिमोँ धरणावर न्या. गाडी जवळपर्यंत जाते, पाणी आहे, समोर डोंगराचं चित्रातलं रूप आहे, आणि थोडं सपाट फिरता येतं. काठ्या मात्र सगळ्यांनी घ्या, चढताना लाज वाटली तर पाठीला लावून ठेवा, उतरताना काढाल. तळाला खोल खाचा असलेले बूट हवेत. उन्हाची टोपी आणि वाऱ्याचं जाकीट, दोन्ही एकाच दिवशी लागतात.

खाली आल्यावर वोव्हनार्गच्या कॅफेत बसलो. ताईंना शेवटी चहा मिळाला: गरम पाण्याचा कप, बशीत चहाची पुडी, बाजूला अंगठ्याएवढ्या भांड्यात गार दूध. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग कॉफी मागवली.

बिमोँ धरणावरून धारेनेच मठापर्यंत जाणारी दुसरी वाट आहे, इमूशाची वाट, निळ्या खुणांची. लांब आहे, खडकाळ आहे, सावली जवळजवळ नाही, पण सिमेंटही नाही आणि पहिल्या तासापासून दोन्ही बाजू दिसतात. पाय पक्के असतील तर मी तीच सुचवेन, तिला साडेचार. अर्धा कापला तो सावलीसाठी. गाडी दोन असतील तर एक बिमोँला, एक काबासोलला लावा आणि इमूशाने चढून व्हाँत्युरिएंच्या वाटेने उतरा. सिमेंटचा तो रस्ता उतरताना मात्र बरा वाटतो, थकलेल्या पायांना विचार करावा लागत नाही. उलट क्रमाने करू नका.